कॅम्परचं किचन: १८ एमएमचा हट्ट सोडा

प्रश्न: एका वाचकाने जुना, बंदिस्त बॉक्स ट्रेलर घेतला आहे आणि पती-पत्नी मिळून त्याचा कॅम्पर करत आहेत. कागदपत्रांनुसार सामानासकट ट्रेलरचं वजन ७५० किलोच्या वर जाता कामा नये. पलंगाचा सांगाडा बसवल्यावर तो काट्यावर ४३० किलो भरला. आता दोन्ही बाजूंना कपाटं, पलंगाखाली दोन मोठे ड्रॉवर आणि मागचा दरवाजा उघडला की बाहेर ओढून घ्यायचं किचन, एवढं करायचं आहे. सुतार म्हणतो, १८ एमएमच्या बोर्डावर लॅमिनेट लावू, पुन्हा बघायला नको. भाऊ म्हणतो, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं कर. ओळखीतल्या एकाने पीव्हीसी फोम बोर्ड सुचवलाय. पत्नीला धुळीमुळे घरातल्यासारखी दारं असलेली, बंद कपाटं हवी आहेत. ते लिहितात, “१८ एमएम बर्च प्लायची एक शीट आणली आहे आणि ती उचलतानाच धास्ती घेतली. सगळ्यांत हलकं पण मजबूत असं एकच मटेरियल सांगा. एकदा बसवलं की पुन्हा खोलायची वेळ येऊ नये.”

उत्तर: कपाटांना हात घालायच्या आधी ट्रेलर काट्यावर नेलात, हे फार चांगलं केलंत. बरेच जण सगळं काम उरकल्यावर काटा गाठतात, आणि तेव्हा कमी करण्यासारखं हातात काही उरलेलं नसतं.

तुम्ही एकच मटेरियल विचारलंत, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. कपाटांचं मुख्य काम ९ एमएमच्या हलक्या प्लायमध्ये करा, म्हणजे पॉपलर किंवा ओकुमे या हलक्या लाकडांच्या. बाहेर सरकणाऱ्या किचनची चौकट तेवढी अ‍ॅल्युमिनियमची. फोम बोर्ड सिंकखालच्या कप्प्यापुरता. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड अजिबात नको. पण एवढ्यावर शीट आणायला निघू नका. घरातलंच कपाट हलक्या लाकडात करून ट्रेलरमध्ये ठेवलं, तर तुमचं काम भागणार नाही. वजन नक्की कुठे जातंय ते आधी बघू.

७५० मधून ४३० गेले, उरले ३२०. हे ३२० किलो फर्निचरचे आहेत असं मनात धरलं की गणित तिथेच फसतं. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो, टाकीचं वजन वेगळं. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी ३० किलोच्या आसपास असते. गॅस सिलिंडर आणि शेगडीचे २० धरा, गादी-पांघरुणांचे २५, छोट्या फ्रिजचे १५, दोघांच्या कपड्यांचे २०, भांडी आणि शिधा ४०, खुर्च्या, टेबल, ताडपत्री, जॅक, हत्यारं मिळून ४०. झाले २४०. हा माझा अंदाज आहे. तुमच्या वस्तू तुम्ही घरच्या काट्यावर एकेक करून मोजा, कागदावर लिहा. माझ्या हिशोबाने तुमच्याकडे उरतात ८०, आणि त्यातले २० तरी मोकळे ठेवा, कारण काही ना काही विसरलेलं असतंच. म्हणजे कपाटं, ड्रॉवर, किचन, स्क्रू, बिजागऱ्या, चॅनेल, रंग या सगळ्याला मिळून ६० किलो.

आता सुताराचा प्रस्ताव या ६० समोर ठेवा. तुम्ही लिहिलेल्या कामाला ढोबळमानाने आठ बाय चारच्या चार शीट लागतील. १८ एमएम प्लायची एक शीट ३५ किलोच्या आगेमागे भरते. चारांचे १४०, कापण्यातला तुकडा-टाकडा वजा केला तरी १२०. त्यावर लॅमिनेट. एक एमएम जाडीच्या लॅमिनेटचं वजन चौरस मीटरला साधारण १.४ किलो असतं. दोन्ही बाजूंना लावलं तर २.८. चार शीटच्या कामाला हे जवळपास ३० किलो होतात, म्हणजे तुमच्या ६० पैकी निम्मे नुसते पृष्ठभागावर गेले. एकूण १५० किलो, आणि अजून एकही बिजागरी लागलेली नाही.

तेच ९ एमएम पॉपलर प्लाय चौरस मीटरला सुमारे ४ किलो भरतो. शीट १२ किलोची, चार शीट ४८, तुकडे आणि कापलेली भोकं वजा जाता ३५ ते ४०. पट्ट्या, गोंद, बिजागऱ्या, चॅनेल आणि सरकत्या चौकटीला २०-२५ किलो उरतात. काटेकोर आहे, पण बसतं.

आणि हे करत असतानाच बॅटरीकडे बघा. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२ किलोच्या आसपास असते. एका वस्तूत १८ किलो सुटतात. तितकं वजन प्लायमधून काढायचं म्हटलं तर सगळं फर्निचर खरवडावं लागेल. शिवाय या बॅटरीतली साठवण बरीच जास्त खोलवर वापरता येते, त्यामुळे कदाचित त्याहून लहान बॅटरीवरही तुमचं भागेल. खर्च जास्त आहे हे खरं. पण हलक्या बोर्डासाठी जादा पैसे मोजायची तयारी असेल, तर ते आधी इथे मोजा.

सुतार चुकीचं सांगतोय असं नाही. घरातल्या कपाटासाठी १८ एमएमला कारणं आहेत. बोर्डाच्या कडेत स्क्रू मारायचा तर जाडी लागते. दारांना आपण जी वाटीची बिजागरी वापरतो, तिच्यासाठी दारात बाराएक एमएम खोल भोक पाडावं लागतं, म्हणून दारही जाड. कपाट स्वतःच्या पायावर उभं असतं, फळ्या लांब असतात, त्यांवर वर्षानुवर्षं जड सामान पडून असतं. ट्रेलरमध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. कपाट भिंतीला आणि तळाला बोल्टने बांधलेलं आहे. फळी लहान आहे. आणि जड सामान वरच्या फळीवर मुळात ठेवायचंच नाही.

तरीही ‘९ एमएम वाकेल’ ही भीती खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा एक अष्टमांश होतो. नुसती ९ एमएमची फळी दोन टोकांवर ठेवली तर तिला झोल पडणारच. पण ताठपणा फक्त जाडीतून मिळत नाही, आकारातूनही मिळतो. ३० सेंटिमीटर खोल फळी घ्या. तिच्या पुढच्या कडेला त्याच ९ एमएम प्लायची ४० एमएम उंचीची पट्टी उभी करून गोंदाने चिकटवा. एकटी ती उभी पट्टीच अख्ख्या आडव्या फळीच्या अडीच पटींहून जास्त ताठ असते. दोन्ही मिळून, गोंद नीट बसला असेल तर, कागदावरचा हिशोब जवळपास १८ एमएमच्या फळीइतका येतो. पट्टीचं वजन मात्र मीटरला दीडशे-दोनशे ग्रॅम. आणि तीच पट्टी गाडी वळताना डबे खाली पडू देत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की ट्रेलरमधली एकही फळी उभ्या कडेशिवाय करू नका. मागच्या बाजूलाही तशीच एक पट्टी भिंतीला लावून फळी तिच्यावर टेकवा.

तुम्ही ‘मजबूत’ म्हणता तेव्हा तुमच्या मनात बहुधा बोर्ड मोडण्याची भीती असते. रस्त्यावर बोर्ड सहसा मधोमध मोडत नाही. सांधा सुटतो. खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास थरथर बसते, स्क्रू आपल्या भोकात किंचित हलतो, भोक मोठं होतं, मग सांधा खेळू लागतो आणि एक दिवस ड्रॉवर अडकतो किंवा दार लोंबतं. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ इथेच हरतात. त्यांच्या कडेत स्क्रू टिकत नाही, आणि पाणी लागलं की कड फुगते ती पुन्हा बसत नाही. वजनालाही ते हलके नाहीत. एमडीएफ तर बहुतेक प्लायपेक्षा जड असतो.

९ एमएमच्या कडेत स्क्रू मारायचाच नाही. दोन पॅनेल जिथे काटकोनात भेटतात तिथे आतल्या कोपऱ्यात २० बाय २० एमएमची हलक्या लाकडाची पट्टी पूर्ण लांबीभर बसवा. पट्टीच्या दोन्ही अंगांना पॉलियुरेथेन गोंद, मग प्लायच्या बाहेरून पट्टीत छोटे स्क्रू. हे स्क्रू गोंद वाळेपर्यंत पकड देण्यापुरते. खरा भार गोंद घेतो, आणि तो एका बिंदूवर न घेता सबंध लांबीवर घेतो. गोंद लावण्याआधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून घ्या. गोंद पट्टीच्या कडेने बारीक रेषेत बाहेर आला पाहिजे. कुठे आला नाही तर तिथे तो पोचलेला नाही. अशा वीस मीटर पट्ट्यांचं वजन सगळं मिळून साडेतीन-चार किलो.

जिथे बिजागरी, कडी किंवा चॅनेल बसणार तिथे पातळ प्लायला मागून एक जाड ठोकळा चिकटवा. तुमच्याकडे आलेल्या त्या १८ एमएम बर्चच्या शीटचं सोनं इथे होईल. बर्च घट्ट असतो, स्क्रू छान धरतो. तळहाताएवढे तुकडे, पट्ट्या, किचनच्या पायांखालचे ठोकळे, बोल्टखालच्या चकत्या यासाठी ती शीट कापा. सगळं कपाट त्याच्यात करू नका. दारांना वाटीची बिजागरी विसरा. पियानो बिजागरी (दाराच्या पूर्ण लांबीची सलग बिजागरी) किंवा साधी पट्टी बिजागरी घ्या आणि ती आरपार बोल्टने किंवा रिव्हेटने बसवा.

आता भावाचं अ‍ॅल्युमिनियम. ते स्टीलपेक्षा हलकं आहे, प्लायपेक्षा नाही. २ एमएमच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचं वजन चौरस मीटरला ५.४ किलो, म्हणजे ९ एमएम पॉपलरपेक्षा जास्त. पत्र्यात कपाट केलंत तर ते जड होईल आणि खडखडेलही. अ‍ॅल्युमिनियमचा फायदा सेक्शनमध्ये आहे. २५ एमएमचा चौकोनी पाइप, दीड एमएम जाडीचा, मीटरला ३८० ग्रॅम. तोच स्टीलचा १.१ किलो. बाहेर सरकणाऱ्या किचनला टोकाशी भार येतो, पाय लागतात, पाऊस लागतो. तिथे ही चौकट योग्य आहे. पण सगळ्या कपाटांना आधी अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि वरून प्लाय, असं करू नका. ९ एमएमचा चिकटवलेला खोका स्वतःच सांगाडा असतो. तुम्ही एकाच कामाचं वजन दोनदा वाहाल. खाचांचे ४० एमएमचे तयार प्रोफाइल दिसायला सुंदर आणि जोडायला सोपे असतात, पण त्यांचं वजन मीटरला दीड किलोपर्यंत जातं. तीस मीटर वापरलेत की ४५ किलो, आणि थरथरीने त्यांचे बोल्ट ढिले होतात म्हणून प्रत्येकाला थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरून ठेवणारा गोंद) लावावा लागतो.

वेल्डिंगबद्दल एक सावधगिरी. कडक केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनला वेल्ड केलं की जोडाजवळची ताकद बरीच उतरते, आणि सतत थरथरीत तडा तिथूनच जातो. कोपऱ्यावर त्रिकोणी पत्रा, रिव्हेट आणि गोंद हा जोड मला जास्त भरवशाचा वाटतो. समुद्रकाठी जाणार असाल तर स्टेनलेस स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये प्लॅस्टिकची चकती किंवा सीलंट घाला, नाही तर खाऱ्या ओलीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

पीव्हीसी फोम बोर्डाबद्दल खूप जणांचा समज आहे की प्लॅस्टिक म्हणजे हलकं. चांगल्या घट्ट प्रतीचा १२ एमएम बोर्ड चौरस मीटरला ६ ते ७ किलो भरतो, म्हणजे पॉपलरपेक्षा जड. पाण्याने त्याचं काही बिघडत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रेलरमध्ये तापमान खूप चढतं, आणि पीव्हीसी उष्णतेत मऊ पडतो. भार असलेली फळी हळूहळू बसते आणि तशीच राहते. म्हणून सिंकखाली, ओल्या कपड्यांच्या कप्प्यात, भार नसलेल्या जागी वापरा. एचडीपीईचे (घट्ट प्लॅस्टिकचे) ठोकळ बोर्डही कोणी सुचवेल. ते आणखी जड, गोंद त्यांना धरत नाही, आणि ऊन-थंडीत मीटरमागे काही एमएम लांब-आखूड होतात. कापायच्या फळीसाठी उत्तम, कपाटासाठी नाही.

प्लाय निवडताना नावापेक्षा लाकूड विचारा. ‘मरीन’ म्हणजे गोंद उकळत्या पाण्यात टिकणारा आणि आतल्या थरांत पोकळ्या नसलेला. त्याचा अर्थ तो हलका आहे असा नाही, आणि लाकूड कुजणार नाही असाही नाही. ओकुमेचा मरीन प्लाय हलका असतो, पण ओल राहिली तर ओकुमे कुजतो. जड लाकडाचा मरीन प्लाय तुमच्या बर्चइतकाच जड निघेल. दुकानात शीटचं वजन करून मागा. ९ एमएमची शीट १२ ते १४ किलोत आली पाहिजे, १८ आली तर ते वेगळं लाकूड आहे. चारही कडा बघा. कडेला काळी भोकं दिसली तर आत पोकळ्या आहेत, ती शीट परत ठेवा. झोपायच्या बंद जागेत लावणार आहात, म्हणून फॉर्मल्डिहाइड (प्लायच्या गोंदातून सुटणारा त्रासदायक वायू) कमी सोडणाऱ्या प्रतीचाच घ्या. पॉपलर मऊ असतो, त्याला पोचे पडतात. पडू देत. कडा मात्र उघड्या सोडू नका. कापलेली प्रत्येक कड, प्रत्येक भोक आणि मागची न दिसणारी बाजू धरून सगळीकडे पातळ इपॉक्सी किंवा पाण्यातल्या पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. लॅमिनेटची गरज राहणार नाही.

ओटा आणि पलंगावरच्या फळ्या यांना मी वेगळा उपाय सुचवेन. २० एमएमचा एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखा, पण घट्ट) मध्ये आणि दोन्ही बाजूंना ३ एमएम प्लाय. वजन चौरस मीटरला ४ किलोच्या आसपास, म्हणजे ९ एमएमइतकंच, पण जाडी २६ एमएम झाल्याने ताठपणा कितीतरी पट. कष्ट आहेत: जिथे स्क्रू किंवा पाय येणार तिथे फोम कापून आधी लाकडाचे ठोकळे बसवावे लागतात, सगळ्या कडांना पट्टी लागते, आणि वाळेपर्यंत सपाट जागी वजनाखाली ठेवावं लागतं. द्रावकाचा वास येणारा गोंद वापरू नका, फोम विरघळतो. पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी चालेल. हौस असेल तर करा. नसेल तर १२ एमएम ओकुमे आणि खाली दोन उभ्या पट्ट्या.

मात्र शेगडीच्या भोवती वजनाची काटकसर करू नका. एक्सपीएस आणि पीव्हीसी दोन्ही तिथे नकोत, प्लॅस्टिकच्या गाभ्याचा अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेलही नको. शेगडीखाली आणि मागे धातूचा पत्रा, आणि पत्रा व लाकूड यांत बोटभर हवेची फट. पत्रा थेट लाकडाला चिकटवला तर उष्णता आरपार जाते आणि लाकूड आतून करपत राहतं. शेगडीबरोबर आलेल्या पत्रकात अंतरं दिलेली असतात, ती पाळाच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा झोपायच्या जागेपासून हवाबंद हवा आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं, जे कोणत्याही सामानाने झाकलं जाणार नाही. बॅटरी, फ्रिज, सिलिंडर यांचे पट्टे आणि बोल्टही भरभक्कम ठेवा. कचकन ब्रेक लागतो तेव्हा आतलं जडशीळ सामान पुढे झेपावतं, आणि ते ९ एमएमच्या भरवशावर सोडायचं नसतं.

आता दारं. तुमच्या पत्नीचं म्हणणं रास्त आहे. धुळीने भरलेले कपडे कोणाला हवेत? पण ती धूळ कपाटात शिरण्याआधी ट्रेलरमध्ये शिरलेली असते. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ मागच्या दरवाजाच्या फटींतून आत ओढली जाते. तिथलं रबर सील बदला, तळातली वायरींची भोकं बुजवा, आणि पुढच्या बाजूला किंवा छतावर फिल्टर लावलेली एक झडप ठेवा, म्हणजे आत दाब राहील. एवढं केल्यावर कपाटाला लाकडी दार लागतंच असं नाही. जाड कापडाचा चेनचा पडदा काहीशे ग्रॅममध्ये होतो, बिजागरी नाही, कडी नाही, उघडताना अडचण नाही. दोघांनी मिळून ठरवा की कोणती दोन दारं खरोखर हवीत, आणि तेवढीच ६ एमएममध्ये, कडेला पट्टी लावून करा.

पलंगाखालच्या ड्रॉवरांचा तर मी पुन्हा विचार करायला सांगेन. मोठ्या, जड कामाच्या लॉकिंग चॅनेलची लांब जोडी कित्येक किलोंची असते. कधीकधी त्यावरच्या खोक्याहून जड. त्याऐवजी झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्या, पलंगाखाली दोन पट्ट्यांच्या मार्गात ते सरकवा, पुढे एक आडवा पट्टा लावा. डबा घरात भरता येतो, तसाच आणून ठेवता येतो. चांगलं चॅनेल किचनसाठी राखून ठेवा, आणि ते बंद आणि उघडं अशा दोन्ही जागी अडकणारं घ्या.

पॅनेलना भोकं पाडून वजन कमी करता येतं. कडेने ६०-७० एमएम सोडा, मधलं काढा. कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यातून चीर जाते. पण कपाटाची पाठ पूर्ण काढून टाकू नका. पाठ नसलेला खोका गाडी वळताना तिरपा होतो. ३ एमएमचा पातळ प्लाय पाठीला चिकटवला की तो चौकोनात राहतो. आतली वस्तू दिसावी म्हणून भोकामागे जाळी लावा.

“पुन्हा खोलायची वेळ येऊ नये” हे तुमचं वाक्य मला काळजीत टाकतं. ट्रेलर कधीतरी गळेल, वायर तुटेल, आणि तेव्हा भिंतीपर्यंत पोचावं लागेल. प्रत्येक युनिट आतून चिकटवा, पण ट्रेलरला चिकटवू नका. पत्र्यात रिव्हनट, प्लायमध्ये टी-नट (दोन्ही कायमचे बसवून ठेवायचे आट्यांचे नट), मधून बोल्ट. चार-सहा बोल्ट काढले की कपाट दारातून बाहेर आलं पाहिजे. दाराचं माप त्यासाठी आजच घेऊन ठेवा.

किचन मागे आहे, आणि ही जागा अवघड आहे. अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मागे दूर ठेवलेला प्रत्येक किलो टो बॉलवरचा, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावरचा, भार हलका करतो, आणि तो फार हलका झाला की ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो. म्हणून किचनमध्ये शेगडी, सिंक आणि हलकी भांडी एवढंच. पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, बॅटरी पुढे. टो बॉलवर एकूण वजनाच्या साधारण एक दशांश भार ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण तुमच्या गाडीच्या आणि हिचच्या (ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या जोडणीच्या) उत्पादकाने दिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच खरी. भरलेला ट्रेलर सपाट जागी, चाकांना अडणी लावून उभा करा, हिच टो बॉलच्या उंचीवर घरच्या वजनकाट्यावर ठोकळा ठेवून टेकवा, आकडा वाचा. किचन बाहेर ओढताना ट्रेलर गाडीपासून सुटा असेल तर मागच्या दोन कोपऱ्यांना पाय टेकलेले असायलाच हवेत. नाही तर ट्रेलर मागे उलटा होऊ शकतो.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी जाड पुठ्ठ्यात सगळी कपाटं खऱ्या मापात उभी करा आणि दोघं एक संध्याकाळ त्यांच्यामध्ये वावरा, पलंगावर बसा, वाकून डबे काढा. एक-दोन कपाटं तिथेच रद्द होतील. मग ९ एमएमची एकच शीट आणा. सगळ्यांत लहान युनिट करा, वजन करा, बोल्टने बसवा, त्यात जायचं असेल तेवढं सामान भरा आणि वाईटात वाईट रस्त्यावरून फिरवून आणा. परत आल्यावर प्रत्येक कोपऱ्यावर बोटं फिरवा, कुठे गोंदाला भेग आहे का, कुठे स्क्रूभोवती लाकडाची पूड आहे का ते टॉर्चने बघा. तिथे जे दिसेल त्याप्रमाणे पट्टीची जाडी किंवा ठोकळ्याची जागा बदला, आणि मग उरलेल्या तीन शीट मागवा.